विज्ञानकादंबरीची पारितोषिके आणि परीक्षकांचा प्रश्न

इ. स. १९०३ मध्ये पॅरिस येथील गोंकूर अकादमीने आपले पहिले पारितोषिक जॉन-आंत्वान नो या लेखकाच्या 'फोर्स एनमी' या कादंबरीस दिले. वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या एका कवीच्या देहात व मनात परग्रहावरील एका जीवाने ठाण मांडले आहे, असे या कादंबरीचे कथाबीज आहे. हा जीव खरा की त्या रुग्णाच्या भ्रमातून निर्माण झालेला, याचा उलगडा वाचकावरच सोडलेला आहे. आजचा कोणीही अभ्यासक या कृतीस विज्ञानकादंबरीच्या वर्गात निदान तपासून पाहील. अकादमीच्या दहा सदस्यांपुढे मात्र असा वर्गच नव्हता. मोरिस रनार याने 'वैज्ञानिक अद्भुत' या प्रकाराची तात्त्विक मांडणी केली ती इ. स. १९०९ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनंतर. त्यामुळे एका विज्ञानकादंबरीस एका थोर वाङ्मयीन संस्थेचा पहिला मान मिळूनही विज्ञानकादंबरीच्या पारितोषिकांचा इतिहास तेथून सुरू झाला असे म्हणता येत नाही. पारितोषिकासाठी कृती लागते तसाच त्या कृतीला विशिष्ट नावाने ओळखणारा परीक्षकही लागतो. असा परीक्षक निर्माण व्हावयास आणखी अर्धे शतक जावे लागले, आणि तो निर्माण झाला कोणत्याही अकादमीत नव्हे, तर अमेरिकेतील स्वस्त मासिकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात.

या परीक्षकाची जडणघडण समजून घेतल्याशिवाय पुढील पारितोषिकांची यादी वाचणे व्यर्थ होय. लक्झेंबर्ग येथे इ. स. १८८४ मध्ये जन्मलेला आणि १९०४ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेला ह्यूगो गर्न्सबॅक हा मुळात विद्युत् व बिनतारी उपकरणांचा व्यापारी आणि त्या विषयांवरील मासिकांचा संपादक. एप्रिल १९२६ मध्ये त्याने 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापली जात, आणि पत्राखाली पत्रलेखकाचा संपूर्ण पत्ताही असे. ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु दूरदूरच्या गावी एकाकीपणे हे वाङ्मय वाचणाऱ्या तरुणांना परस्परांचा ठावठिकाणा लागला तो या पत्त्यांमुळेच. त्यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला, मंडळे निघाली, हस्तमुद्रित नियतकालिके निघाली. इ. स. १९३४ मध्ये खुद्द गर्न्सबॅकने अशा मंडळांचा एक संघ स्थापन केला, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. गर्न्सबॅक लेखकांचे मानधन थकविण्याबद्दल कुप्रसिद्ध होता, हेही येथे नोंदविले पाहिजे. लेखकांना ज्याच्याकडून पैसे वसूल करणे कठीण जाई, त्याच्याच नावाने लेखकांना सन्मानचिन्हे दिली जावीत, हा वाङ्मयेतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल. पण सन्मान देणारे लेखक नव्हते, वाचक होते. आणि वाचकांवर गर्न्सबॅकचे ऋण खरोखरच होते.

इ. स. १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे अकरावे संमेलन भरले, तेव्हा चित्रपटसृष्टीतील ऑस्करच्या धर्तीवर सन्मान द्यावेत अशी कल्पना हॅल लिंच या सभासदाने मांडली. अग्निबाणाच्या आकाराची धातूची स्मृतिचिन्हे घडविण्याचे काम जॅक मॅकनाइट या यंत्रकारागिराने अंगावर घेतले, आणि ती वेळेवर पुरी व्हावीत म्हणून त्याचा संमेलनाचा बहुतेक काळ कारखान्यातच गेला. पारितोषिकाचे अधिकृत नाव 'विज्ञानकथा कर्तृत्व पारितोषिक' अशा अर्थाचे होते. 'ह्यूगो' हे लाडके नाव अधिकृत झाले ते गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात. पहिल्या वर्षीचे विभाग पाहिले की परीक्षकाचा स्वभाव ध्यानात येतो. कादंबरी, मासिक, मुखपृष्ठकार, आतील चित्रांचा चित्रकार, नवोदित लेखक, वैज्ञानिक माहितीपर लेख आणि सर्वांत आघाडीचा चाहता! कथेसाठी वेगळा विभागच नाही, आणि चाहत्यासाठी मात्र आहे. ही रचना मासिक हाती घेऊन ते मुखपृष्ठापासून चाळीत जाणाऱ्या वाचकाची आहे, समीक्षकाची नव्हे.

कादंबरीचे पहिले पारितोषिक आल्फ्रेड बेस्टर याच्या 'द डिमॉलिश्ड मॅन' या कृतीस मिळाले. दुसऱ्याचे मन वाचू शकणारी माणसे ज्या समाजात पोलिसांच्या सेवेत आहेत, तेथे पूर्वनियोजित खून पचविता येईल काय, हा तिचा प्रश्न. निवड उत्तम होती, याबद्दल आज फारसे दुमत नाही. परंतु ही कृती 'गॅलक्सी' मासिकात १९५२ च्या जानेवारी ते मार्च या अंकांतून क्रमशः आली होती, ही गोष्ट तिच्या गुणवत्तेइतकीच महत्त्वाची आहे. पुढील काही वर्षांचे विजेते पाहिल्यास हा योगायोग नव्हे हे दिसून येते. १९५५ मध्ये क्लीव्हलंड येथे मार्क क्लिफ्टन व फ्रँक रायली यांच्या 'दे'ड रादर बी राइट' या कादंबरीस पारितोषिक मिळाले. ती 'अस्टाउंडिंग' मासिकात १९५४ मध्ये क्रमशः आली होती आणि पुस्तकरूपाने निघाली १९५७ मध्ये. रॉबर्ट हाइनलाइन याची 'डबल स्टार' ही १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या अंकांतून आली आणि त्याच वर्षाच्या संमेलनात पारितोषिक घेऊन गेली. फ्रिट्झ लायबर याची 'द बिग टाइम' ही 'गॅलक्सी'च्या १९५८ च्या दोन अंकांत आली, त्याच वर्षी लॉस एंजलिस येथे विजयी ठरली आणि पुस्तकरूपाने १९६१ मध्ये बाहेर पडली. म्हणजे सर्वोत्कृष्ट 'कादंबरी' म्हणून गौरविलेल्या या कृतींपैकी काही गौरवाच्या वेळी पुस्तके नव्हत्याच.

हरिभाऊंच्या कादंबऱ्या 'करमणूक' पत्रातून हप्त्याहप्त्याने कशा वाचल्या गेल्या, हे ज्यांनी अभ्यासिले आहे त्यांना यातील मर्म वेगळे सांगावयास नको. हप्त्यांनी वाचलेली कादंबरी आणि एका बांधणीतील कादंबरी यांचा वाचक एक नसतो. येथे तर मासिकाचे वाचक हेच मतदार होते. क्रमशः आलेली कृती सर्वांनी एकाच महिन्यात वाचलेली असे; पुठ्ठ्याच्या बांधणीचे महाग पुस्तक थोड्यांच्याच हाती पडे. शिवाय आरंभीच्या वर्षांत नामनिर्देशनाची पद्धत स्थिर नव्हती आणि कोणत्या काळातील कृती पात्र धरावी याचाही नियम पक्का नव्हता. नामनिर्देशन आणि अंतिम मतदान अशा दोन पायऱ्या रूढ झाल्या त्या १९५९ पासून. क्लिफ्टन-रायली यांच्या कादंबरीची निवड ही ह्यूगोच्या इतिहासातील सर्वांत दुबळी निवड म्हणून वारंवार उपहासिली जाते. उपहास सोपा आहे. त्या कादंबरीत पूर्वग्रह टाकून देण्यास तयार असलेल्या माणसालाच चिरयौवन देणारे एक विचारयंत्र आहे. समाज आपल्याला वेडगळ समजतो आणि तरीही भविष्य आपलेच आहे, असे मानणाऱ्या त्या काळच्या चाहत्यांना ही कल्पना किती सुखावणारी वाटली असेल, याचा विचार उपहास करणारे करीत नाहीत. दुबळी निवड ही मतदाराचे मन जाणण्याचे साधन म्हणून उत्कृष्ट निवडीहून अधिक उपयोगी पडते.

केंब्रिजचे ज्योतिःशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. मराठी वाचकांना हॉइल हे जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून परिचित आहेत. या कादंबरीची कीर्ती आज 'द बिग टाइम'हून कमी नाही. परंतु १९५७ च्या लंडन संमेलनात कादंबरीला पारितोषिकच ठेवलेले नव्हते आणि १९५८ चे लायबरला गेले. एवढ्या एका उदाहरणावरून कार्यकारणभाव सांगणे धाडसाचे होईल. तथापि मासिकांच्या वर्तुळाबाहेरून आलेल्या ग्रंथाला त्या दशकात एकदाही हा मान मिळाला नाही, असे कोणी म्हणू लागल्यास त्याने जेम्स ब्लिश याच्या 'अ केस ऑफ कॉन्शन्स' या १९५९ च्या विजेत्या कादंबरीचेही मूळ मासिकातच होते, हे पुराव्यादाखल पुढे करावे. वॉल्टर मिलर याची 'अ कँटिकल फॉर लीबोविट्झ' ही १९६१ ची विजेती. तीसुद्धा १९५५ ते १९५७ या काळात मासिकात आलेल्या तीन दीर्घ कथांच्या पुनर्लेखनातून सिद्ध झाली आहे.

याच काळात दुसऱ्या प्रकारचा परीक्षक अस्तित्वात होता, हे पुष्कळदा विसरले जाते. इ. स. १९५१ मध्ये लंडन येथे काही ब्रिटिश चाहत्यांनी 'इंटरनॅशनल फँटसी अवॉर्ड' सुरू केले. त्याचा निर्णय मतदानाने न होता नियुक्त परीक्षक मंडळाकडून होई. या मंडळाची निवड पाहावी : १९५१ मध्ये जॉर्ज स्ट्यूअर्ट याची 'अर्थ अबाइड्स', १९५३ मध्ये क्लिफर्ड सिमॅक याची 'सिटी', १९५४ मध्ये थिओडोर स्टर्जन याची 'मोअर दॅन ह्यूमन', १९५५ मध्ये एडगर पँगबॉर्न याची 'अ मिरर फॉर ऑब्झर्व्हर्स', आणि १९५७ मध्ये टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. १९५५ या एकाच वर्षाचे दोन विजेते शेजारी ठेवले, तर परीक्षक मंडळाचा तराजू अधिक सूक्ष्म होता असे म्हणणे भाग पडते. परंतु हे पारितोषिक १९५७ नंतर बंद पडले, आणि वाचकांचे टिकले. मंडळाला उत्साही चालक लागतात. संमेलन मात्र दरवर्षी नव्या गावी भरतच राहते आणि सभासदांची वर्गणी येत राहते. टोल्किनविषयीचा दोन्ही परीक्षकांचा निर्णय विशेष उद्बोधक आहे. मंडळाने ज्या कृतीला सर्वोच्च मान दिला, तीच १९६६ मध्ये सर्वकाळच्या सर्वोत्कृष्ट मालिकेच्या मतदानात होती, आणि तेथे वाचकांनी आयझॅक आसिमॉव्ह याच्या 'फाउंडेशन' मालिकेस कौल दिला.

१९६५ हे वर्ष या इतिहासातील सांधा होय. त्या वर्षी डेमन नाइट याच्या पुढाकाराने अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांची व्यावसायिक संघटना स्थापन झाली. तिचा कोषाध्यक्ष लॉइड बिगल याने सुचविले की, वर्षातील निवडक कथांचा संग्रह काढावा आणि त्याच्या उत्पन्नातून संघटनेला पैसा मिळवावा. त्या निवडीतून 'नेब्यूला' पारितोषिकाचा जन्म झाला. येथे मतदार स्वतः लेखक होते. पहिला मान फ्रँक हर्बर्ट याच्या 'ड्यून'ला मिळाला. ती मासिकात दोन भागांत १९६३ ते १९६५ या काळात आलेली, वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेली, आणि शेवटी मोटारदुरुस्तीची माहितीपुस्तके छापण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने काढलेली कादंबरी. १९६६ च्या ह्यूगोमध्ये तिला रॉजर झेलाझ्नीच्या कादंबरीबरोबर समान मते पडली. वाचक व लेखक असे दोन परीक्षक तयार झाल्याने अभ्यासकाला तुलनेची संधी मिळाली, आणि पहिली काही वर्षे तुलना फलदायी ठरते. १९६६, १९६७ व १९६८ या तीन वर्षांतील कृतींबाबत दोघांचे एकदाही जमले नाही. १९६६ च्या कृतींपैकी लेखकांनी सॅम्युअल डिलेनी याची 'बॅबेल-१७' आणि डॅनिएल कीज याची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' या दोहोंना समान मान दिला, तर वाचकांनी हाइनलाइनची चंद्रावरील बंडाची कथा निवडली.

परंतु पुढे काय झाले ? १९६९ ते १९७५ या सात वर्षांतील कृतींपैकी सहा वर्षांच्या कृतींबाबत दोन्ही निर्णय एकच आहेत : अर्सुला ल ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', लॅरी निव्हनची 'रिंगवर्ल्ड', आसिमॉव्हची 'द गॉड्स देमसेल्व्ज', आर्थर क्लार्क यांची 'राँदेव्हू विथ रामा', पुन्हा ल ग्विन यांची 'द डिसपझेस्ड' आणि जो हाल्डमनची 'द फॉरेव्हर वॉर'. केवळ १९७१ चा अपवाद. या एकमतास गुणवत्तेचा दुहेरी पुरावा मानण्याची प्रथा पडली आहे. पुस्तकांच्या वेष्टनांवर ती दोन नावे एकत्र छापली जातात, आणि प्रबंधांतही तसाच दाखला दिला जातो. ही प्रथा सदोष आहे. दोन साक्षीदार स्वतंत्र असतील तरच त्यांच्या एकमताला वजन येते. येथे नेब्यूलाचे मतदार लेखक बहुधा संमेलनाचेही सभासद असत. त्यांच्यापैकी कित्येक मुळात चाहत्यांच्या मंडळांतूनच लेखनाकडे आले होते. आणि नेब्यूलाचा निकाल वसंत ऋतूत, तर ह्यूगोचा उन्हाळ्याच्या अखेरीस लागत असल्याने पहिला निर्णय दुसऱ्याच्या कानावर आधीच गेलेला असे. ल ग्विन यांच्या १९७० च्या ह्यूगोचे ऐतिहासिक महत्त्व याने कमी होत नाही : कादंबरीसाठी हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. एकमत मोठ्या कृतीवरही होऊ शकते; प्रश्न एवढाच की, ते एकमत किती साक्षीदारांचे मोजावे.

खरी परीक्षा १९७३ च्या कृतींची. त्या वर्षी टॉमस पिंचन याची 'ग्रॅव्हिटीज रेनबो' प्रसिद्ध झाली. तिचे नेब्यूलासाठी नामनिर्देशन झाले, म्हणजे विज्ञानकथालेखकांनी तिला आपली मानले होते. मते मात्र 'रामा'ला पडली. दुसरीकडे पुलित्झरच्या परीक्षकांनी तिची एकमुखाने शिफारस केली. परंतु वरिष्ठ मंडळाने ती फेटाळून १९७४ मध्ये कादंबरीस पारितोषिकच दिले नाही. 'नॅशनल बुक अवॉर्ड' तिला आयझॅक बाशेविस सिंगरच्या कथासंग्रहाबरोबर विभागून मिळाले. अशा रीतीने एका कादंबरीविषयी तीन परीक्षकांचे तीन निर्णय झाले. पुढे अनेकांनी या प्रसंगास विज्ञानकथेने गमावलेली संधी म्हटले आहे. क्लार्क यांच्या कादंबरीतील गूढ, रिकाम्या, प्रचंड यानाचे वर्णन वाचल्यास लेखकांनी अविवेकाने मत दिले असे म्हणवत नाही. त्यांनी आपल्या परंपरेतील मूल्यांना, म्हणजे विश्वाच्या अफाटपणाने मनात उमटणाऱ्या विस्मयाला, मत दिले. पुलित्झरच्या वरिष्ठ मंडळाची नापसंती त्याहून कितीतरी कमी समर्थनीय आहे.

१९७३ मध्येच परीक्षक मंडळाची पद्धत पुन्हा अवतरली. 'अस्टाउंडिंग'चा दीर्घकाळचा संपादक जॉन कॅम्बेल १९७१ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ हॅरी हॅरिसन व ब्रायन ऑल्डिस यांनी सर्वोत्कृष्ट कादंबरीसाठी पारितोषिक स्थापिले, आणि पहिल्याच वर्षी ते बॅरी माल्झबर्ग याच्या 'बियाँड अपोलो'ला मिळाले. शुक्रावरील मोहिमेतून एकटाच परतलेला, भ्रमिष्ट झालेला अंतराळवीर हा तिचा निवेदक. यंत्रविद्येवर व मानवी कर्तबगारीवर कॅम्बेलची जी निष्ठा होती, तिची येथे उघड विटंबना आहे. ज्याच्या नावाने मान दिला त्याने ही कादंबरी छापली नसती, अशी तक्रार तेव्हा झाली. तक्रार खरी आहे, पण तिच्यामुळे निर्णय चुकीचा ठरत नाही. १९०३ च्या गोंकूर पारितोषिकाची येथे सहज आठवण होते : मन ठिकाणावर नसलेला निवेदक आणि परग्रहाचा संबंध हेच मिश्रण सत्तर वर्षांनी पुन्हा एका परीक्षक मंडळाला भावले. वाचकांच्या मतदानात अशी कादंबरी क्वचितच वर येते. ब्रिटनमध्ये १९८७ पासून दिले जाणारे आर्थर सी. क्लार्क पारितोषिकही परीक्षक मंडळाचेच, आणि त्याचा पहिला मान मार्गारेट ॲटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल'ला गेला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला निराळेच वळण मिळाले. येथे मान मिळाला तो कादंबरीला नव्हे, कथेला. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. आपल्या नामाक्षरांचा क्रम उलटवून हे नाव धारण करणारे लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नीच्या हातची होती. परीक्षकाला लेखक ठाऊक नसावा, या अटीचे इतके कसोशीने पालन ह्यूगोच्या मतदानात कल्पिताही येत नाही. तेथे लेखकाचे नाव, त्याचा संमेलनातील वावर आणि त्याच्या मागील कृती हे सारे मतात उतरतेच. १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेली पूर्वलक्ष्यी ह्यूगो पारितोषिके हे याचे टोक होय. १९५४ मध्ये मान दिले गेले नव्हते म्हणून २००४ मध्ये मतदान घेऊन तो ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१'ला देण्यात आला. हा निकाल २००४ च्या अभिरुचीचा पुरावा आहे. १९५४ च्या वाचकाने काय केले असते, याचा नव्हे.

अलीकडच्या काळात मतदाराचे स्वरूपच वादग्रस्त झाले. २०१५ मध्ये संघटित गटांनी ठरावीक याद्यांप्रमाणे नामनिर्देशन केले. ५,९५० मतपत्रिका आल्या आणि पाच विभागांत सभासदांनी 'पारितोषिक नको' असा कौल दिला. कादंबरीच्या विभागात मार्को क्लोस याने त्या यादीमुळे मिळालेले स्थान स्वतःहून सोडले. त्या रिकाम्या जागी ल्यू त्सशिन याची, केन ल्यू याने इंग्रजीत आणलेली, 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आली आणि विजयी झाली. अनुवादित कादंबरीला हा मान प्रथमच मिळत होता. मूळ कृती चीनमध्ये २००६ साली मासिकातून क्रमशः आली होती. पुढे नामनिर्देशनांच्या मोजणीची पद्धत बदलण्यात आली व ती २०१७ पासून अमलात आली. याच सुमारास २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे एन. के. जेमिसिन यांना कादंबरीचा मान मिळाला. असे पूर्वी कोणाच्याही बाबतीत घडले नव्हते.

२०२३ चे संमेलन चीनमधील छंगदू येथे भरले. आर. एफ. क्वांग यांच्या 'बॅबेल' या कादंबरीस त्या वर्षी नेब्यूला मिळाले होते. ह्यूगोच्या अंतिम यादीत ती नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये मतदानाची आकडेवारी बाहेर आली, तेव्हा तिला पुरेशी नामनिर्देशने असूनही 'अपात्र' ठरविल्याचे दिसले. कारण दिलेले नव्हते. पुढील महिन्यात उघड झालेल्या पत्रव्यवहारावरून, व्यवस्थापकांनी लेखकांच्या कृतींतील चीनविषयक राजकीय आशयाची टिपणे आधीच तयार केली होती, हे समजले. या वर्षी दोन पारितोषिकांचे निर्णय भिन्न आहेत, पण ही भिन्नता १९६६ सारखी अभिरुचीची नाही. येथे एका परीक्षकापर्यंत ती कृती पोचूच दिली गेली नाही. विजेत्यांच्या छापील यादीत २०२३ समोर टी. किंगफिशर यांच्या 'नेटल अँड बोन'ची नोंद आहे, आणि त्या ओळीत याहून अधिक काही आढळत नाही.